चकमकीचे लष्करी पिस्तूल : ओळख, अक्षरे आणि परिभाषा

भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाने जुन्या पिस्तुलांविषयी लिहावे याचे कोणास आश्चर्य वाटण्याचा संभव आहे. परंतु शस्त्रवाचक शब्दांचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास शस्त्र डोळ्यांनी पाहिल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि शस्त्राची ओळख पटविणाऱ्यास त्यावरील अक्षरे वाचता आल्याशिवाय गत्यंतर नाही. ऐतिहासिक पत्रांत 'बंदूक' हा शब्द आला म्हणजे वाचकाच्या मनात जे चित्र उभे राहते, ते बहुधा चित्रपटांतून अथवा प्रदर्शनांतून आलेले असते. आणि ती चित्रे पुष्कळदा शंभर-सव्वाशे वर्षांनी चुकलेली असतात. कंपनी सरकारच्या काळातील पिस्तुलाखाली 'शिवकालीन' अशी चिठ्ठी लावलेली आढळणे ही विरळा गोष्ट नाही. एकदा चिठ्ठी लागली की ती पुस्तकात जाते, पुस्तकातून कोशात जाते आणि कोशाच्या आधारे पुढील चिठ्ठी लागते. हे चक्र कोठे व कसे तोडावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

१. यंत्राची रचना

बारुदी हत्यारांच्या इतिहासात ठिणगी कशी पाडावयाची, हा मुख्य प्रश्न होता. सर्वांत जुनी रीत तोड्याची. जळती दोरी, म्हणजे तोडा अथवा जामगी, रंजकास लावावयाची आणि बार उडवावयाचा. या पद्धतीच्या बंदुकीस आपल्याकडे तोडेदार बंदूक असे नाव होते. तिच्यात दोन अडचणी होत्या : पावसात तोडा विझे, आणि अंधारात त्याचा निखारा शत्रूस दिसे. शिवाय जळती दोरी लावलेले हत्यार कमरेस खोचून घोडदौड करणे शक्य नव्हते. म्हणून तोड्याच्या काळात स्वाराच्या पिस्तुलाचा फारसा प्रसार झाला नाही.

चकमकीच्या यंत्राने ही अडचण दूर केली. त्याचे परिपक्व रूप सतराव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये सिद्ध झाले. त्याचे श्रेय सामान्यतः लिझ्यू येथील मारँ ल बूर्ज्वा या कारागिरास देतात. या यंत्रात घोड्याच्या जबड्यात गारगोटीचा तुकडा आवळलेला असतो. चाप ओढताच घोडा पुढे झेपावतो आणि गारगोटी समोरच्या पोलादी पात्यावर घासते. पाते मागे सरकून त्याखालील रंजकाची वाटी उघडी पडते, ठिणग्या वाटीत पडतात, रंजक पेटतो आणि त्याची ज्वाला नळीच्या बाजूस पाडलेल्या बारीक छिद्रातून, म्हणजे कानातून, आतील दारूपर्यंत पोहोचते. पाते आणि वाटीचे झाकण हे एकच अंग असणे, हे या यंत्राचे मर्म होय.

एकोणिसाव्या शतकात या यंत्राची सद्दी संपली. आघाताने पेटणाऱ्या रसायनाचा उपयोग करण्याचा हक्क स्कॉटलंडमधील अलेक्झांडर फोर्साइथ या धर्मोपदेशकाने १८०७ साली मिळविला. त्यातून पुढे तांब्याच्या केपांची पद्धत निघाली आणि १८४० च्या सुमारास मोठ्या सैन्यांनी ती स्वीकारली. तेव्हा चकमकीच्या लष्करी पिस्तुलाचा काळ ढोबळपणे सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १८४० पर्यंतचा समजावा. आपणांकडे आढळणारे बहुसंख्य नमुने या काळाच्या अखेरच्या साठ-सत्तर वर्षांतील आहेत.

२. साष्टीची भूमी

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही आजची उपनगरे ज्या भूमीवर वसली आहेत, ती जुन्या साष्टी बेटाची भूमी होय. तिच्यावर प्रथम पोर्तुगिजांचा अंमल होता. मराठ्यांनी १७३७ साली ठाणे घेतले आणि १७३९ साली वसई पडली. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणे व साष्टी काबीज केली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने तो ताबा कायम झाला. म्हणजे चाळीस वर्षांच्या आत तीन सत्ता, तीन शस्त्रागारे आणि तीन भाषा या बेटाने पाहिल्या. येथील शस्त्रवाचक शब्दांत त्यांचे थर स्पष्ट दिसतात.

मराठी स्वाराचे मुख्य हत्यार तलवार व भाला हेच राहिले. परंतु पायदळाच्या बाबतीत चकमकीच्या बंदुकीचा शिरकाव अठराव्या शतकात झपाट्याने झाला. १७६१ साली पानिपतावर इब्राहिमखान गारद्याचे कवायती पायदळ होते. महादजी शिंद्यांच्या चाकरीत १७८४ साली आलेल्या डी बॉयनने उभारलेले कंपू तर सर्वस्वी याच शस्त्रावर अवलंबून होते. पिस्तूल मात्र सरदार, स्वार-अधिकारी व आरमारी लोक यांच्याकडेच अधिक असे. मुंबईस कंपनीचे आरमार आणि वाडिया घराण्याची जहाजबांधणी असल्यामुळे येथे आरमारी नमुन्याचे पिस्तूल आढळले तर नवल नाही. लांब नळी आणि डाव्या अंगास पट्ट्यात अडकविण्याची लोखंडी आकडी ही त्याची खूण होय.

३. अमेरिकी मालिका : एक मापदंड

कंपनीच्या शस्त्रांचा विचार करण्यापूर्वी एका दूरच्या मालिकेकडे पाहणे उपयुक्त आहे. अमेरिकेची लष्करी पिस्तुले संख्येने थोडी, कालखंडाने आटोपशीर आणि सरकारी ठेक्यांच्या कागदपत्रांमुळे चांगली नोंदलेली आहेत. नव्या अभ्यासकास पद्धत शिकण्यास ती सोयीची पडतात.

पहिला ठेका १७९९ सालचा. कनेक्टिकट संस्थानातील बर्लिन गावच्या सिमियन नॉर्थ व एलिशा चेनी यांनी फ्रेंचांच्या १७७७ च्या नमुन्याबरहुकूम सुमारे २,००० पिस्तुले तयार केली. नळीखाली लाकूड नाही, यंत्राभोवती पितळी सांगाडा आणि त्यावर कर्त्यांची नावे, ही त्यांची लक्षणे होत. नळीचे भोक सुमारे १७·५ मिलिमीटर. दुसरा टप्पा १८०५ च्या नमुन्याचा. हार्पर्स फेरी येथील सरकारी शस्त्रशाळेत १८०६ ते १८०८ या काळात ४,०९६ नग झाले. यंत्राच्या पट्टीवर पंख पसरलेला गरुड, त्याखाली 'यू. एस.' ही अक्षरे आणि घोड्याच्या मागे शस्त्रशाळेचे नाव व साल अशी मांडणी असते. भोक सुमारे १३·७ मिलिमीटर. ही पिस्तुले जोडीने दिली जात आणि जोडीतील दोहोंवर एकच क्रमांक असे.

१८१३ च्या ठेक्यात २०,००० पिस्तुले मागविताना एका नगाचा कोणताही भाग दुसऱ्या नगास बसला पाहिजे, अशी अट सिमियन नॉर्थवर घालण्यात आली. यंत्रोद्योगाच्या इतिहासात या अटीचे महत्त्व मोठे आहे. ओळख पटविणाऱ्यासही ती उपयोगी पडते. कारण हाताने जुळविलेल्या शस्त्रात प्रत्येक भाग वेगळा असतो, तर अशा शस्त्रात मापांची सारखेपणाकडे स्पष्ट ओढ दिसते. त्यानंतर १८१६, १८१९ व १८२६ चे नमुने झाले. १८१९ च्या नमुन्यात घोड्यामागे सरकता अडसर आला आणि ठासणीचा गज बिजागरीने नळीस कायमचा जोडला गेला. घोड्यावर बसून बार भरताना गज हातातून निसटून जाऊ नये, हा त्याचा हेतू. आसा वॉटर्स व रॉबर्ट जॉन्सन यांनी बनविलेला १८३६ चा नमुना या मालिकेतील शेवटचा. १८४२ च्या नमुन्यात केप आली.

या मालिकेचा आपल्याशी काय संबंध, असे विचारता येईल. मॅसॅच्युसेट्समधील न्यूबरीपोर्ट येथे १७६४ साली जन्मलेला जॉन पार्कर बॉइड हा अमेरिकी सैनिक १७८९ साली हिंदुस्थानात आला आणि निजाम, होळकर व पेशवे या तिघांच्या चाकरीत राहिला. पुढे तो स्वदेशी परतला, १८०८ साली अमेरिकी सैन्यात पुन्हा रुजू झाला आणि १८११ च्या टिपेकनूच्या लढाईत लढला. आता कोणी अमेरिकी गरुडाचे पिस्तूल दाखवून ते बॉइडने पुण्यास आणले असे सांगू लागला, तर उत्तर देण्यास वस्तू हाती घेण्याचीही गरज नाही. बॉइडची पुण्यातील चाकरी १७९९ पूर्वीची आहे आणि अमेरिकेचा पहिला ठेकाच १७९९ चा आहे. कथा कितीही मनोहर असली तरी सालांपुढे ती टिकत नाही.

४. कंपनीच्या शस्त्रांवरील मुद्रा

आपल्याकडील नमुन्यांत पट्टीवरील मुद्रा हा पहिला पुरावा. कंपनीची जुनी खूण हृदयाच्या आकाराची असून तिचे भाग पाडून त्यांत कंपनीच्या नावाची आद्याक्षरे कोरलेली असतात, आणि माथ्यावर इंग्रजी चारच्या आकड्यासारखे चिन्ह असते. या आद्याक्षरांत पहिले अक्षर 'व्ही' दिसते, ते वस्तुतः 'यू' होय. जुन्या कोरीव लेखनात ही दोन अक्षरे एकाच रूपाने लिहिण्याचा लॅटिन प्रघात होता. हे ठाऊक नसल्याने कित्येकांनी या खुणेचा भलताच विस्तार केलेला आहे. १८०८ च्या सुमारास हृदयाची जागा मुकुट धरून उभ्या असलेल्या सिंहाने घेतली. म्हणून सिंहाची मुद्रा असलेले पिस्तूल पानिपतचे किंवा वडगावचे असू शकत नाही, मग घरातील परंपरा काहीही सांगो.

इंग्लंडच्या राजाच्या फौजेतील शस्त्रांवर मुकुट आणि त्याखाली राजाची आद्याक्षरे असतात. 'जी. आर.' हे जॉर्ज नावाच्या राजांचे. ते १८३० पर्यंत चालते. त्यानंतर विल्यमचे 'डब्ल्यू. आर.' आणि १८३७ पासून व्हिक्टोरियाचे 'व्ही. आर.' येते. १७६४ पर्यंत या पट्ट्यांवर ठेकेदाराचे नाव व साल घालीत. त्यानंतर त्याऐवजी 'टॉवर' हा शब्द आला. नळीवर चाचणीची मुद्रा असते ती निराळी. बर्मिंगहॅमचे चाचणीगृह १८१३ च्या कायद्याने सुरू झाले, म्हणून त्याची मुद्रा असलेली नळी त्यापूर्वीची नव्हे.

यांहून रंजक प्रकार म्हणजे नकललेली अक्षरे. देशी कारागिरांनी विलायती यंत्रांच्या नकला केल्या तेव्हा त्यांनी अक्षरेही नकलली. ज्या हाताने ती कोरली त्यास इंग्रजी वाचता येत नव्हते. अक्षर त्याच्या दृष्टीने नक्षीच होते. त्यामुळे उलटे 'आर', एक रेघ गळालेला 'ई', मधले अक्षर वगळलेला 'टॉवर' अशी रूपे मिळतात. पोथ्यांच्या पाठचिकित्सेत लिपिकाराचे जे प्रमाद आपण वर्गीकृत करतो, त्यांत आणि यांत तत्त्वतः भेद नाही. चुकीचे अक्षर हे खोटेपणाचे लक्षण मानून असा नमुना टाकून देणे योग्य नव्हे. तो विलायती नाही एवढेच सिद्ध होते. देशी शस्त्रकारागिरीचा अस्सल पुरावा म्हणून त्याचे मोल उलट अधिक ठरू शकते.

५. कालनिर्णयाचे सूत्र

हस्तलिखिताचा काळ त्यातील सर्वांत अलीकडच्या शब्दावरून ठरतो, सर्वांत जुन्या शब्दावरून नव्हे. शस्त्रासही हेच सूत्र लागू पडते. नळी जुनी, यंत्र नवे, दस्ता त्याहून नवा, असे मिश्रण नित्याचे आहे. कारण सैन्यात काहीही वाया घालवीत नसत. प्रत्येक भागाचा काळ स्वतंत्रपणे ठरवून सर्वांत अलीकडचा भाग हीच संपूर्ण वस्तूची पूर्वमर्यादा समजावी.

निरीक्षणाचा क्रम ठरलेला असावा. प्रथम मापे : नळीची लांबी, भोकाचा व्यास, एकूण लांबी. मग यंत्र : पट्टी सपाट की फुगीर, घोड्याची मान हंसासारखी बाकदार की मध्ये भोक ठेवून भरीव केलेली. इंग्रजी लष्करी बंदुकांत हा दुसरा प्रकार १८०९ च्या सुमारास आला. मग दस्ता, पितळी अथवा लोखंडी साज, चापाखालील कडे आणि गज. सर्वांत शेवटी अक्षरे. अक्षरे आधी वाचली की मन त्यांच्या बाजूने झुकते आणि उरलेली अंगे नीट पाहिली जात नाहीत.

बदलाच्या खुणा स्वतंत्रपणे तपासाव्यात. केपांची पद्धत आल्यावर हजारो चकमकी हत्यारे बदलून घेण्यात आली. रंजकाची वाटी काढलेली, पट्टीवरील रिकामी भोके पितळेने बुजविलेली आणि कानाच्या जागी केपेसाठी बोंडी बसविलेली, या त्याच्या खुणा. या उलट, चकमकीच्या नमुन्यास बाजारात अधिक किंमत येत असल्यामुळे अलीकडे अशी बदललेली पिस्तुले पुन्हा चकमकीची करून विकली जातात. अशा वेळी वाटी व पाते यांच्या धातूचा रंग पट्टीशी जुळत नाही, आणि कानाभोवती दारूने खाल्लेल्या धातूची जी खडबडीत कड दिसावयास हवी ती दिसत नाही. निव्वळ प्रतिकृतींची गोष्ट आणखी सोपी आहे. ओतकामाची शिवण, यंत्राने कापलेले एकसारखे आटे आणि पुष्कळदा कानाचा संपूर्ण अभाव, यांवरून त्या कळतात. ज्या पिस्तुलास कान नाही ते कधी उडालेले नाही.

६. शब्दांची साक्ष

आता परिभाषेकडे वळू. 'बंदूक' हा शब्द अरबीतून आला असून त्याचा मूळ अर्थ कवचाचे फळ व त्यावरून गोळी असा आहे. 'तोप' म्हणजे तुर्कीत गोळा. म्हणजे दोन्ही शब्दांत फेकल्या जाणाऱ्या वस्तूचे नाव फेकणाऱ्या साधनास मिळाले. 'चकमक' हाही तुर्की शब्द. आघाताने अग्नी पाडणे हा त्याचा अर्थ. मराठीत त्याने गारगोटी-पोलादाची जोडी आणि सैन्यांची किरकोळ लढाई असे दोन्ही अर्थ घेतले, आणि 'चकमक झडली' या प्रयोगात ठिणग्यांचे मूळ चित्र अद्याप शाबूत आहे.

'पिस्तूल' आणि 'काडतूस' हे शब्द पोर्तुगिजांकडून आले असे सामान्यतः मानतात. ध्वनींची साक्ष या मताला अनुकूल आहे. इंग्रजीतून आलेल्या शब्दांत मूळच्या 'टी'चा मराठीत बहुधा मूर्धन्य 'ट' होतो : टेबल, तिकीट, स्टेशन. पोर्तुगीज शब्दांत तो बहुधा दंत्य राहतो : फीत, तंबाखू, मेस्त्री. 'पिस्तूल' मधील 'त' दंत्य आहे. नियमास अपवाद आहेत. 'बटाटा' हा पोर्तुगीज असून मूर्धन्य झाला आणि 'तिकीट' मध्ये पहिला वर्ण दंत्य व दुसरा मूर्धन्य आहे. म्हणून एकट्या 'त'वर भिस्त ठेवता येत नाही. 'काडतूस' मधील अंत्य ऊष्म वर्ण मात्र अधिक निर्णायक आहे : तो इंग्रजी रूपाशी जुळत नाही, पोर्तुगीज 'कार्तुश'शी जुळतो. फ्रेंच रूपही जवळचे आहे. तथापि वसई, चौल, गोवा या किनाऱ्यावरील दीर्घ सहवास पाहता पोर्तुगीज मूळ अधिक संभाव्य होय.

मराठीतील अंगवाचक नावे बहुतेक शरीरातून व घरगुती वस्तूंतून घेतलेली आहेत : कान, माशी, नळी, दस्ता, गज, घोडा, चाप. शत्रूच्या तोफा निकामी करण्यासाठी त्यांच्या कानांत खिळे ठोकीत. 'चाप' म्हणजे दाबून धरणारी वस्तू. केसांचा चाप आजही आहे. या अर्थाने पाहता गारगोटी आवळून धरणारा जबडा हा खरा चाप ठरावा. परंतु आज आपण 'चाप ओढणे' म्हणतो तेव्हा बोटाने ओढावयाची कळ अभिप्रेत असते. 'घोडा' या शब्दाचीही तीच गत. कोणी तो झेपावणाऱ्या अंगास वापरतो, कोणी ओढावयाच्या कळीस, आणि मुंबईच्या गुन्हेगारी बोलीत तर संपूर्ण पिस्तुलासच 'घोडा' म्हणतात. तेव्हा जुन्या कागदात हे शब्द भेटल्यास आजचा अर्थ त्यांवर लादू नये. वाक्यातील क्रियापदाकडे पाहावे. चढविला जातो तो एक, ओढला जातो तो दुसरा. 'फुसका बार' हा आपला नित्याचा वाक्प्रचारही याच यंत्राच्या लहरीपणाचे स्मारक आहे.

७. सावधगिरी आणि कायदा

विद्यार्थ्यांस एक गोष्ट आवर्जून सांगावयाची आहे. जुने पिस्तूल भरलेले असू शकते. काळी दारू कोरडी राहिल्यास वर्षानुवर्षे आपला गुण सोडत नाही. म्हणून घोडा चढवू नये, तोंडासमोर हात अगर चेहरा आणू नये. नळीत लाकडी काडी अलगद सोडून तोंडाशी खूण करावी, मग तीच काडी बाहेरून नळीवर ठेवून ती कानापर्यंत पोहोचते का ते पाहावे. बरीच अलीकडे थांबली, तर आत बार अथवा कचरा आहे असे समजून वस्तू जागच्या जागी ठेवावी आणि जाणकारास बोलवावे. दुसरे, वस्तू घासून चकचकीत करू नये. गंज काढण्याच्या उत्साहात मुद्रा पुसल्या जातात, आणि पुसलेले अक्षर पुन्हा वाचता येत नाही.

कायद्याविषयी गैरसमज फार आहेत. १८७८ च्या कायद्याने येथील लोकांस परवान्यावाचून हत्यार बाळगणे अशक्य केले. सध्या लागू असलेला कायदा १९५९ चा आहे. त्याच्या ४५ व्या कलमात जुन्या घडणीच्या अथवा पुराणवस्तुमूल्य असलेल्या हत्यारास सूट आहे, पण ती दुरुस्ती करून अगर न करता ज्याने बार उडविता येणार नाही अशाच हत्यारास. केवळ जुने आहे म्हणून चालू स्थितीतील पिस्तूल सूट मिळण्यास पात्र ठरत नाही. शिवाय १९७२ च्या पुराणवस्तुविषयक कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू खासगी व्यक्तीस देशाबाहेर पाठविता येत नाही. तेव्हा बोरिवलीच्या अगर मुलुंडच्या एखाद्या घरी माळ्यावर पिस्तूल सापडले, तर ते पिशवीत घालून लोकलने विभागात आणू नये. जागेवरच छायाचित्रे व मापे घ्यावीत, घरच्या मंडळींस पोलीस ठाण्यात कळविण्यास सांगावे, आणि मग आपले काम करावे. तुलनेसाठी मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय येथील शस्त्रदालने पाहता येतात.

८. करावयाचे काम

वस्तूची नोंद करताना घरात तिच्याविषयी सांगितली जाणारी हकीकत स्वतंत्र रकान्यात, सांगणाऱ्याच्या शब्दांत लिहावी. निरीक्षणात मिसळू नये. हकीकत खोटी ठरली तरी तीत आलेले शब्द खोटे नसतात.

रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांत पिकांच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक परवान्याने बाळगणारे शेतकरी अद्याप आहेत. त्यांची बंदूक केपेची असली तरी कान, गज, ठासणे, बार या शब्दांचा नित्य व्यवहारातला अर्थ त्यांच्या तोंडी आहे. ती बंदूक दुरुस्त करणारे लोहार व सुतार मात्र कमी होत चालले आहेत, आणि प्रत्येक गावी एका अंगास दोन-दोन नावे असण्याचा संभव आहे. वर 'चाप' व 'घोडा' यांविषयी जो संदेह मांडला, त्याचा निर्णय कोशाच्या पानांपेक्षा अशा कारागिराच्या ओट्यावर होण्याची शक्यता अधिक. पदव्युत्तर वर्गातील एखाद्या विद्यार्थ्याने प्रबंधिकेसाठी हा विषय घेतल्यास, यंत्राच्या अंगांची क्रमवार रेखाकृती बरोबर न्यावी आणि प्रत्येक अंगावर बोट ठेवून नाव विचारावे. नाव सांगून अंग दाखविण्यास सांगू नये. तसे केल्यास उत्तर आपलेच आपल्याकडे परत येते.